वाळवी लागलेला फणस आणि रेझिन : पेनाचा पहिला ब्लँक घरी ओतताना

दापोलीजवळच्या आमच्या जुन्या घराची डागडुजी निघाली तेव्हा ओटीच्या दाराची फणसाची चौकट काढावी लागली. वरचं लाकूड सुताराने पाटांसाठी बाजूला ठेवलं. खालचा हातभर भाग वाळवीने पोखरला होता, तो बंबात घालायला निघाला होता. मी तो पिशवीत भरून पुण्याला आणला. फणसाचं लाकूड ताजं असताना पिवळंधमक असतं आणि वर्षं गेली की मधासारखं तपकिरी होतं. त्यात वाळवीने कोरलेल्या वेड्यावाकड्या वाटा. असा तुकडा नुसताच लेथवर (लाकूड फिरवून गोल कातायच्या यंत्रावर) चढवला तर त्याच्या ढलप्या उडतात. पण त्या वाटांमध्ये रंगीत रेझिन (ओतल्यावर प्लॅस्टिकसारखं घट्ट होणारं द्रव) भरलं तर त्याच पोकळ्या पेनावरची नक्षी होतात.

ब्लँक म्हणजे ज्यातून पेनाची नळी कातून काढायची तो चौकोनी दांडा. नेहमीचं माप पाऊण इंच जाड आणि पाच इंच लांब, म्हणजे साधारण १९ मिलिमीटर बाय १२७ मिलिमीटर. त्याला मधोमध भोक पाडून आत पितळी नळी चिकटवतात आणि मग लेथवर गोल कातून पेनाचं सामान (किट) बसवतात. निव्वळ रेझिनचाही ब्लँक करता येतो आणि पहिल्यांदा तोच करा असं बरेच जण सांगतात. माझं मत वेगळं आहे. लाकूड आणि रेझिन एकत्र ओतताना जे शिकायला मिळतं ते नुसत्या रेझिनमध्ये मिळत नाही, आणि अर्धा साचा लाकडाने भरल्यामुळे रेझिनही निम्मंच लागतं.

माझे पहिले चार ब्लँक मी जुलैत ओतले. चारही वाया गेले. लाकडाच्या कडेने बुडबुड्यांच्या माळा उठल्या होत्या, आणि दोन ब्लँक तर ड्रिल करतानाच लाकूड आणि रेझिनच्या सांध्यावर दुभंगले. चूक ओतण्यात नव्हती, ओतण्याच्या आधीच्या दिवसांत होती. ओतायला वीस मिनिटं लागतात, त्याआधीच्या तयारीला चार-पाच दिवस. म्हणून या लेखातही तयारीलाच जास्त जागा दिली आहे.

कोणतं रेझिन घ्यायचं

बाजारात तीन प्रकार भेटतात. पॉलिएस्टर स्वस्त असतं आणि फायबरग्लासच्या सामानाच्या दुकानात सहज मिळतं. ते काचेसारखं चमकतं, पण ठिसूळ असतं, घट्ट होताना बरंच आकसतं आणि लाकडाला धरून राहत नाही. स्टायरीनचा वास घरभर पसरतो तो वेगळाच. त्यात एक मोठा धोका आहे. आपल्याकडे या रेझिनबरोबर बऱ्याचदा दोन बाटल्या मिळतात. एकीत जांभळट कोबाल्टचं अ‍ॅक्सिलरेटर असतं आणि दुसरीत पारदर्शक पेरॉक्साइडचं हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारा भाग. या दोन बाटल्यांतला माल एकमेकांत थेट मिसळला तर पेट घेऊ शकतो, स्फोटही होऊ शकतो. दोन्हींसाठी एकच चमचा किंवा एकच कप वापरणंही घातक आहे. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते. पहिल्या कामासाठी याच्या वाटेला जाऊ नका.

दुसरं पॉलियुरेथेन. अमेरिकेतले पेन बनवणारे हे भरपूर वापरतात, कारण काही मिनिटांत घट्ट होतं आणि कातायला सुरेख असतं. पण पाण्याचा अंश मिळाला की ते वायू सोडतं आणि इडलीसारखं फुगतं. लाकडातली ओल आणि आपली दमट हवा दोन्ही त्याला बाधतात. शिवाय हे रेझिन दाबाच्या भांड्याशिवाय (हवेच्या दाबाने बुडबुडे दाबून ठेवणाऱ्या बंद भांड्याशिवाय) ओतणं जवळपास निरर्थक आहे, आणि त्यातल्या आयसोसायनेटच्या वाफांमुळे कायमचा दम्याचा त्रास जडू शकतो.

राहिलं इपॉक्सी. ते सावकाश घट्ट होतं, आकसतं कमी, लाकडाला घट्ट धरतं आणि दाबाचं भांडं नसलं तरी बऱ्यापैकी स्वच्छ निघतं. पहिल्यांदा हेच घ्या. मात्र डबा नीट वाचून घ्या. ट्रे आणि कोस्टरवर पातळ थर द्यायचं 'कोटिंग' रेझिन वेगळं आणि साच्यात खोल ओतायचं 'कास्टिंग' किंवा 'डीप पोर' रेझिन वेगळं. कोटिंगचं रेझिन दाट असतं, त्यातून बुडबुडे वर येत नाहीत, आणि एका वेळी काही मिलिमीटरपेक्षा जाड ओतलं तर तापून पिवळं पडतं. आपल्याला २० मिलिमीटर खोल ओतायचं आहे, म्हणून कास्टिंगचं पातळ रेझिनच हवं.

ऋतू बघून काम काढा

इपॉक्सीला २२ ते ३० अंश तापमान आणि कोरडी हवा आवडते. पुण्या-नाशकाकडे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतच्या दुपारी उत्तम. थंडी जास्त असेल तर रेझिनच्या बाटलीत साखर बसल्यासारखी पांढरी कणी दिसते. ते खराब झालेलं नसतं. बाटली झाकण घट्ट लावून सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवली की पुन्हा काचेसारखं होतं. कणी पूर्ण विरघळल्याशिवाय मात्र वापरू नका.

एप्रिल-मेमध्ये उलटी अडचण येते. रासायनिक क्रियेचा वेग दर १० अंशांमागे साधारण दुप्पट होतो. डब्यावर '२५ अंशांना ४० मिनिटं' लिहिलं असेल तर ३५ अंशांना तुमच्या हातात वीसच मिनिटं आहेत असं धरा. पहाटे काम करा.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ओतू नका. हार्डनरमधली अमाइनं हवेतल्या ओलीशी आणि कार्बन डायऑक्साइडशी क्रिया करतात आणि वर मेणचट पांढुरका थर येतो. तो कोमट साबणपाण्याने धुऊन निघतो, पण त्याच्यावर दुसरा थर ओतलात तर धरत नाही. खरा प्रश्न लाकडाचा असतो. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास राहिली की वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूडसुद्धा ओल ओढून घेतं आणि १५-१६ टक्क्यांवर जाऊन स्थिरावतं. माझे जुलैचे चार ब्लँक याच ओलीने गेले. चौकट साठ वर्षं जुनी होती, म्हणून ती सुकीच असणार असं मी धरून चाललो होतो.

सामान

०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागेल. हा नसेल तर थांबा, आधी तो आणा. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, धुळीसाठी एन-९५ मास्क, सिलिकॉनचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे कप, चपट्या कडेच्या लाकडी काड्या, टूथब्रश, पातळ तार, मायका पावडर (रंगासाठी अभ्रकाची चमकदार पूड), झिपच्या पिशव्या, पॅकिंग टेप आणि पाणसळ. लाकूड सुकवायला ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) हवा, आणि तो स्वयंपाकाचा नसावा. रेझिन लागलेलं काहीही त्यात गेलं तर तो पुन्हा खाण्यासाठी वापरता येत नाही. माझ्याकडे जुना, खास याच कामासाठी ठेवलेला आहे.

हातमोज्यांबद्दल मी आग्रही आहे. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी पहिल्याच दिवशी येत नाही. महिनोन्‌महिने काही होत नाही, आणि एके दिवशी मनगटावर पुरळ उठतं. त्यानंतर थोडंसं रेझिनही सोसत नाही. त्वचेला लागलं तर थिनरने किंवा अ‍ॅसिटोनने पुसू नका, त्याने ते कातडीत आणखी मुरतं. कोरड्या कापडाने टिपा आणि साबणपाण्याने धुवा. खिडक्या उघड्या असोत, आणि लहान मुलं त्या खोलीत नसोत.

लाकूड : साफ, सुकं, बंद

चौकटीचा तुकडा करवतीने १७ मिलिमीटर बाय १७ मिलिमीटर अशा दांड्यांत कापा, लांबी १२५ मिलिमीटर. साच्याचा कप्पा २० मिलिमीटरचा असतो, त्यामुळे चारी बाजूंनी रेझिनला जागा राहते. सगळ्यात जास्त पोखरलेली बाजू बघून निवडा, पण एवढीही नको की दांडा हातात घेतल्यावर वाकेल. नखाने दाबून बघा. नख रुतलं तर ते लाकूड कुजलेलं आहे. रेझिन त्याच्या पृष्ठभागालाच धरेल आणि आतलं लाकूड लेथवर सुटून येईल. अशा लाकडात पातळ रेझिन निर्वात भांड्यात मुरवून ते कडक करतात, पण ते वेगळं तंत्र आहे. पहिल्यांदा कडक लाकूडच घ्या.

आता साफसफाई. वाळवी पोखरते त्या वाटांमध्ये मातीचं लिंपण करून ठेवते. ही माती जशीच्या तशी राहिली तर रेझिन लाकडाला न धरता मातीला धरतं, आणि पुढे पटाशीची धार मातीतल्या बारीक वाळूने बोथट होते ती वेगळी. आधी तारेने खरवडा, मग टूथब्रश, मग सायकलच्या पंपाने हवा मारा. पाण्याने धुऊ नका. एका दांड्याला मला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. दुसऱ्या खेपेला मी हे काम उरकतं घेतलं होतं, आणि त्या ब्लँकमध्ये आजही निळ्या रेझिनच्या कडेने तपकिरी धूळ दिसते.

मग सुकवणं. प्रत्येक दांड्यावर पेन्सिलने आकडा घाला, वजन करा, वहीत लिहा. ओटीजी १०० ते १०५ अंशांवर ठेवा आणि दांडे जाळीवर एकमेकांना न चिकटवता मांडा. काही ओटीजींचे काटे विश्वासू नसतात, म्हणून आत वेगळा थर्मामीटर ठेवलेला बरा. दर तासाने वजन करा. सुरुवातीला भराभर उतरतं, मग सावकाश. सलग दोन वजनांत ०.१ ग्रॅमचाही फरक पडत नाही तेव्हा थांबा. माझा एक दांडा २६ ग्रॅमवरून २३ ग्रॅमवर येऊन थांबला. गेलेलं पाणी ३ ग्रॅम, कोरडं लाकूड २३ ग्रॅम, ३ भागिले २३ म्हणजे १३ टक्के ओल. हाताला ते खडखडीत कोरडं लागत होतं. मायक्रोवेव्हचा मोह टाळा, लाकूड आतून जळतं आणि बाहेरून कळतही नाही. या उष्णतेत वाळवी आणि भुंगेऱ्याच्या अळ्याही मरतात, हा जादा फायदा.

ओव्हनमधून काढलेलं लाकूड उघड्यावर गार करू नका. ते लगेच हवेतली ओल परत ओढायला लागतं. गरम असतानाच झिपच्या पिशवीत घालून बंद करा आणि गार झाल्यावर त्याच दिवशी पुढच्या टप्प्याला हात घाला.

तो टप्पा म्हणजे लाकूड बंद करणं. लाकडाच्या नळ्यांमध्ये हवा असते. रेझिन ओतल्यावर ती हळूहळू बाहेर येते आणि लाकडाला चिकटून बुडबुडे धरते. म्हणून आधी दहा-पंधरा ग्रॅम बिनरंगी रेझिन मिसळा आणि जुन्या ब्रशने दांड्याच्या सगळ्या बाजूंना, वाळवीच्या वाटांत आणि विशेषतः दोन्ही टोकांना लावा. टोकांना रेझिन भराभर शोषलं जातं, तिथे दुसरा हात द्या. दांडा अजून किंचित कोमट असेल तर फार छान, कारण गार होताना आतली हवा आकसते आणि रेझिन आत खेचलं जातं. पॉलिथिनच्या कागदावर ठेवा. चार ते सहा तासांनी, बोटाला चिकट लागतं पण बोटावर येत नाही अशी अवस्था आली की मुख्य ओतकाम करा. दोन्ही थर रासायनिक रीतीने एक होतात. रात्र उलटून गेली आणि थर कडक झाला तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करून घ्या.

साचा आणि मोहरीचं माप

तयार सिलिकॉनचे चार-पाच कप्प्यांचे साचे मिळतात. घरी करायचा तर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चॉपिंग बोर्डाच्या पट्ट्या कापून स्क्रूने पेटी जोडा. ते पॉलिथिलीन असतं, त्याला इपॉक्सी धरत नाही. सांध्यांना आतून व्हॅसलीनचा हलका हात द्या. साचा पाणसळ लावून सपाट करा, नाहीतर ब्लँक एका टोकाला बारीक निघतो.

फणस असो वा शिसव, दोन्ही रेझिनपेक्षा हलके, त्यामुळे ते तरंगणार. सिलिकॉनला गोंद चिकटत नाही, म्हणून दांडा तळाशी चिकटवून भागत नाही. मी आइस्क्रीमच्या काड्यांना पॅकिंग टेप गुंडाळतो, त्या साच्यावर आडव्या ठेवतो आणि त्यांच्याखाली दांडा अडवतो. काड्या रबरबँडने साच्याला बांधल्या की झालं.

रेझिन किती लागेल हे नुसत्या अंदाजाने काढणं महागात पडतं. रिकाम्या कप्प्याचं माप सोपं आहे : २ बाय २ बाय १३ सेंटिमीटर म्हणजे ५२ मिलिलीटर, चार कप्पे २०८. पण आत वेडंवाकडं लाकूड असलं की हिशेब चुकतो. त्यावर माझा उपाय मोहरीचा. लाकडाला रेझिन लावायच्या आधीच दांडे साच्यात ठेवून बघायचे, उरलेल्या जागेत मोहरी भरायची, वर पट्टी फिरवून सपाट करायची आणि मग तीच मोहरी मापाच्या कपात ओतून बघायची. दाणे गोल, कोरडे आणि बारीक असल्याने कोपऱ्यांतही जातात. वाटांमध्ये अडकलेले सुईने काढावे लागतात. ती मोहरी पुन्हा फोडणीत नको.

माझ्या चार कप्प्यांत १०५ मिलिलीटर मोहरी मावली. घट्ट इपॉक्सीचं एक मिलिलीटर सुमारे १.१ ग्रॅम भरतं, म्हणजे साधारण ११६ ग्रॅम. कपाला चिकटून राहणारं आणि लाकडात मुरणारं धरून १४-१५ टक्के जास्त घेतलं, १३२ ग्रॅम.

मिसळणं

डब्यावर प्रमाण वजनाने दिलंय की आकारमानाने, हे दोनदा वाचा. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो, त्यामुळे आकारमानाचं २:१ म्हणजे वजनाचं २:१ नव्हे. माझ्या रेझिनचं प्रमाण वजनाने ३:१ आहे. १३२ ग्रॅमसाठी ९९ ग्रॅम रेझिन आणि ३३ ग्रॅम हार्डनर. लवकर घट्ट व्हावं म्हणून थोडा जास्त हार्डनर घालायचा, ही पॉलिएस्टरची सवय इथे चालत नाही. इपॉक्सीत दोन्ही भाग एकमेकांशी ठरावीक हिशेबाने जोडले जातात. जास्तीचा हार्डनर तसाच राहतो आणि ब्लँक कायम रबरासारखा मऊ राहतो.

काट्यावर कप ठेवा, शून्य करा, आधी रेझिन ओता, पुन्हा शून्य करा, मग हार्डनर. चपट्या काडीने सावकाश ढवळा, पिठल्यात गुठळी राहू नये म्हणून ढवळतो तसं, पण हवा न घालता. कडा आणि तळ सतत खरवडत राहा. सुरुवातीला पाण्यात साखर विरघळताना दिसतात तशा रेषा दिसतील. त्या पूर्ण गेल्यावरही आणखी दोन मिनिटं ढवळा. एकूण पाच मिनिटं घड्याळ लावून. मग सगळं दुसऱ्या स्वच्छ कपात ओता आणि आणखी एक मिनिट ढवळा. पहिल्या कपाच्या तळाला न मिसळलेलं जे चिकटून राहतं ते साच्यात गेलं तर ब्लँकवर चिकट डाग राहतात, आणि ते कधीच घट्ट होत नाहीत.

रंग आता घाला. मायका पावडर एकूण वजनाच्या २ टक्क्यांच्या आत पुरते, १३२ ग्रॅमला दोन-अडीच ग्रॅम. पोस्टर रंग किंवा पाण्यातले अ‍ॅक्रिलिक नकोत, पाण्याने घट्ट होणं बिघडतं. घरचे रंग वापरून बघावेसे वाटतात हे मला ठाऊक आहे, म्हणून सांगतो : हळद सुरुवातीला सुंदर सोनेरी दिसते, पण उजेडात तिचा रंग उडतो. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, ती तळाला बसते आणि पटाशीची धार खाते. फणसाच्या तपकिरी रंगावर मला गडद हिरवा आणि मोरपंखी सगळ्यात शोभून दिसतो. दोन रंगांची लाट हवी असेल तर रेझिन काकवीसारखं दाट होईपर्यंत थांबावं लागतं. पातळ असताना दोन रंग ओतले की एकमेकांत मिसळून मातकट होतात. पहिल्या खेपेला एकच रंग ठेवा.

ओतणं

कपाची चोच करून बारीक, दोऱ्यासारखी धार कप्प्याच्या एकाच कोपऱ्यात सोडा. रेझिन स्वतः वाट काढत लाकडाभोवती चढेल आणि हवेला पुढे ढकलेल. लाकडावर थेट ओतलं तर वाटांच्या तोंडाशी हवा कोंडते. अर्धा कप्पा भरला की थांबा. दहा मिनिटं जाऊ द्या. टूथपिकने वाटांमध्ये हलकेच फिरवा, आतून बुडबुडे निघताना दिसतील. मग वरपर्यंत भरा, लाकडाच्या वर दोन-तीन मिलिमीटर राहील इतकं.

वर आलेले बुडबुडे गॅसच्या छोट्या टॉर्चने फोडता येतात. ज्योत दहा-पंधरा सेंटिमीटर वरून, एका जागी न थांबवता, एक-दोन सेकंद. त्यापेक्षा जास्त लावलं तर रेझिन पिवळं पडतं आणि साचा जळतो. शेजारी थिनर, सॅनिटायझर काही नको. टॉर्च नसेल तर हेअर ड्रायरचा झोत नको, त्याने धूळ बसते. तशी वेळ आली तर टूथपिक बरी.

कपात उरलेलं रेझिन ढीग करून ठेवू नका. जितका मोठा गोळा तितकी उष्णता आत कोंडते, उष्णतेने क्रिया वाढते आणि अर्ध्या तासात कपातून धूर येऊ शकतो. उरलेलं पॉलिथिनवर पातळ पसरून टाका. कप तापलाच तर हातमोजे घालून उघड्यावर, फरशीवर किंवा वाळूत नेऊन ठेवा. घट्ट न झालेलं रेझिन मोरीत ओतायचं नाही. पूर्ण घट्ट करून मग कचऱ्यात.

साच्यावर खोका उपडा घाला. पहिल्या अर्ध्या तासात दोनदा डोकावा : काडी सरकून दांडा वर आला असेल तर याच वेळात खाली करता येतो.

दाबाच्या भांड्याबद्दल लोक विचारतात. ४० पीएसआय (चौरस इंचाला ४० पौंड) दाबाखाली बुडबुड्याचं आकारमान साधारण पावपट ते तिसरा हिस्सा इतकं उरतं आणि रेझिन घट्ट होईपर्यंत दाब धरून ठेवला तर तो डोळ्याला दिसत नाही. म्हणजे दाबाने बुडबुडा जात नाही, दबून बसतो. रंगकामाचं दाबाचं भांडं त्यासाठी बदलून वापरतात, त्याला सुरक्षा झडप आणि दाबमापक असावाच लागतो. स्वयंपाकाच्या कुकरला कॉम्प्रेसर जोडायचा विचार मनातही आणू नका. कुकर सुमारे १५ पीएसआयसाठी बनवलेला असतो. ४० पीएसआयला झाकण उडालं तर समोरचा माणूस वाचणार नाही. पहिल्या चार-आठ ब्लँकना सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी आणि बंद केलेलं लाकूड पुरतं.

वाट पाहणं, आणि बिघडलं तर

कास्टिंगचं रेझिन पातळ साच्यात सावकाश घट्ट होतं. २४ तासांनी नखाने दाबून बघा, खूण उमटली तर आणखी एक दिवस. साच्यातून काढल्यावरही लगेच लेथवर चढवू नका. निदान पाच दिवस, शक्य तर आठवडा. वरून कडक वाटणारं रेझिन आतून अजून पिकत असतं, आणि कच्च्या रेझिनची धूळ पूर्ण घट्ट झालेल्या रेझिनपेक्षा जास्त त्रास देते. ब्लँकवर पेन्सिलने तारीख, तापमान, प्रमाण आणि लाकडाची ओल लिहा. मी पहिल्या चारांवर काही लिहिलं नव्हतं, त्यामुळे दोनच का फुटले आणि दोन का नाहीत, हे मला नीट शोधता आलं नाही.

सगळा ब्लँक मऊ राहिला तर प्रमाण चुकलं. ठिकठिकाणी चिकट डाग असतील तर ढवळणं अपुरं पडलं. लाकडाच्या कडेने बुडबुड्यांची रांग असेल तर लाकूड ओलं होतं किंवा नीट बंद केलं नव्हतं. आतून धुकं आल्यासारखं पांढरट दिसलं तर बहुधा ओल, एखाद वेळी थंडी. सांध्यावर फट पडली तर धूळ, माती, नाहीतर तेलकट लाकूड. सागात तेल असतं, तो वापरायचा तर बंद करण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसून वाळू द्यावा. पृष्ठभागावरच्या बारीक खड्ड्यांची मात्र काळजी नको, ते कातण्यात निघून जातात. वर एखादा खड्डा खोल असेल तर खरवडून थोडं रेझिन भरा.

ड्रिल आणि कातकाम

ड्रिल करताना रेझिन तापलं की मऊ पडून पात्याला गुंडाळतं, मग ब्लँक आतून चिरतो. वेग कमी ठेवा, मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या आसपास, आणि दर सेंटिमीटरला पातं पूर्ण बाहेर काढून भुसा झाडा. ब्लँक गरजेपेक्षा सेंटिमीटरभर लांब ठेवा आणि भोक आरपार न पाडता शेवटी तळ करवतीने कापा. पातं बाहेर पडताना जो तुकडा उडतो तो उडत नाही. पेनाच्या साध्या किटला ७ मिलिमीटरचं भोक लागतं, पण किटच्या कागदावरचं मापच खरं.

रेझिन अर्धपारदर्शक असेल तर आतली पितळी नळी पिवळी चमकते आणि सगळा रंग बिघडतो. नळी चिकटवण्याआधी तिला बाहेरून आणि भोकाला आतून त्याच रंगाचा किंवा काळा रंग द्या. नळी खरखरीत करून दोन भागांच्या इपॉक्सी गोंदाने बसवा. गोंद कमी पडला तर कातताना तिथेच ब्लँक फुटतो.

लेथवर १५०० ते २५०० फेऱ्या, धार ताजी, काप बारीक. नीट घट्ट झालेल्या इपॉक्सीच्या लांब फिती निघतात आणि लाकडाचा भुसा होतो, दोन्ही एकाच वेळी पटाशीखाली येतात तेव्हा आवाज बदलत राहतो. त्या आवाजाकडे लक्ष द्या. टक्-टक् ऐकू आलं तर कुठेतरी सांधा सुटतो आहे, लेथ थांबवून बघा आणि पातळ सुपरग्लूचा थेंब सोडा. धुळीचा मास्क या सगळ्या वेळात तोंडावर असू द्या. लेथ नसेल तर जवळच्या कातारीकडे ब्लँक घेऊन जा, पण मऊ हाताने, कमी दाबाने कातायला सांगा. लाकडाच्या सवयीने तो जोर देतो.

४०० पासून ६०० नंबरपर्यंत कोरडा पॉलिश पेपर, मग लाकूड पाणी पिऊ नये म्हणून पातळ सुपरग्लूचे पाच-सहा हात, आणि मग पाणी लावून १००० ते २००० नंबर. शेवटी गाडीचं पॉलिश मऊ कापडाने. आणि तयार पेन मे महिन्यात बंद गाडीच्या काचेजवळ ठेवू नका. हौशी कामाची बरीच इपॉक्सी ५० ते ६० अंशांना मऊ पडतात, आणि उन्हातल्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या पुढे सहज जातो. माझ्या भावाचा पेन असाच खिशाच्या क्लिपपाशी दबून चपटा झाला. त्याला आता दुसरा ओततो आहे, त्याच चौकटीच्या शेवटच्या तुकड्यातून.